पदकाची कड

पितृपक्षात सराफाकडे गिऱ्हाईक नसतं. ठाण्याच्या जांभळी नाक्याजवळ एका गल्लीतला सराफ त्या दुपारी असाच रिकामा बसला होता, तेव्हा पन्नाशीच्या एका बाईंनी रुमालाची गाठ सोडून त्याच्यापुढे एक पदक ठेवलं. किसननगरची जुनी खोली पाडायला जाणार म्हणून घर आवरायला काढलेलं, आणि माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात बटणं, गंजलेल्या किल्ल्या आणि एका तुटक्या चष्म्याखाली हे निघालं. विकायचं नव्हतं. चांदी आहे का, एवढंच विचारायचं होतं. सराफाने वजन केलं, बत्तीस ग्रॅमच्या आसपास भरलं. मग त्याने पदक दोन बोटांत उभं धरलं, कानस घेतली आणि कडेवर तीनदा ओढली. काळा थर निघाला, आत पांढरी लखलख दिसली. कसोटीच्या दगडावर रेघ, रेघेवर तेजाबाचा थेंब. चांदी अस्सल. त्याने काम मनापासून केलं होतं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, त्या चित्रांना ओरखडा नको म्हणून त्याने कड निवडली. दागिन्यात कड ही कुणी न बघण्याची जागा असते.

या पदकात मात्र माणूस कडेवरच असतो.

पहिल्या महायुद्धाचं हे ‘ब्रिटिश वॉर मेडल’. व्यास ३६ मिलिमीटर, स्टर्लिंग चांदी, वर आडवी पट्टी आणि तिच्यातून जाणारी फीत. फीत मध्ये केशरी, मग दोन्हीकडे पांढरी, काळी आणि काठाला निळी. कोकणातल्या दमट हवेत फीत टिकत नाही, पट्टीत अडकलेला धाग्याचा एखादा तुकडा मिळाला तरी पुष्कळ. लाखोंनी काढलेली ही पदकं तोंडाने सगळी एकसारखी. शेजारी शेजारी ठेवली तर सुभेदाराचं कुठलं आणि शिपायाचं कुठलं हे सांगता येणार नाही. फरक फक्त कडेवर ठोकलेल्या ठशांत. आधी क्रमांक, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण, सगळं बारीक इंग्रजी अक्षरांत, एका ओळीत, गोल फिरत. या पदकावर ‘शिपाई’ शाबूत होतं, नाव शाबूत होतं, ‘११७ मराठाज’ शाबूत होतं. क्रमांकाचा फक्त शेवटचा ७ उरला. त्याच्या आधी एक गुळगुळीत, चकचकीत सपाटी.

ती सपाटी नजरेपुढून हलत नाही. शंभर वर्षं डब्यात सुरक्षित राहिलेली गोष्ट, आणि ती पुसायला दहा सेकंदही लागली नाहीत.

नाव वाचता येतंय ना, मग क्रमांकाचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण त्या काळच्या पलटणीची हजेरी डोळ्यांपुढे आणून बघावी. रत्नागिरी, सातारा, कुलाबा इथून आलेली सात-आठशे माणसं. राम, बाळू, गणू, विठू, सखाराम, आणि आडनावं मोजकी वीस-पंचवीस. एका कंपनीत एकाच नावाचे दोघे-तिघे असणं ही नेहमीची बाब, म्हणून कारकुनाने प्रत्येकाला क्रमांक दिला. तो क्रमांकही त्या पलटणीपुरताच असे. ११० व्या पलटणीत आणि ११७ व्या पलटणीत एकच क्रमांक दोन निराळ्या माणसांचा असू शकतो. म्हणून नुसतं नाव पुरत नाही आणि नुसता क्रमांकही पुरत नाही. क्रमांक, नाव, पलटण हे तिन्ही एकत्र आले की एकच माणूस उभा राहतो. त्यातही एक खोच आहे. लढाईत माणसं कमी पडली की एका मराठा पलटणीतले शिपाई दुसरीत पाठवले जात. तेव्हा पदकावर एक पलटण आणि मृत्यूच्या नोंदीत दुसरी, असं दिसलं तर चूक समजून सोडून देऊ नये.

नावाच्या स्पेलिंगचा गोंधळ याहून मोठा. सांगणारा कोकणातल्या बोलीत सांगतोय, लिहिणारा भलत्याच प्रांतातला. जाधवचा ‘एच’ गळतो, शिंदेचा ‘एच’ गळतो, घाडगेचं घाटगे होतं. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले नामदेव जाधव, त्यांच्यासारख्या गाजलेल्या माणसाचं आडनावसुद्धा इंग्रजी नोंदींत ‘एच’शिवाय सापडतं. मग अनोळखी शिपायाचं काय होणार. त्यामुळे महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधताना पूर्ण नाव टाकून ‘काहीच नाही’ आलं तर तिथे थांबू नये. पलटण निवडावी, आडनावाची पहिली तीन अक्षरं टाकावीत, नाहीतर आडनावाच्या रकान्यात नुसतं पहिलं नाव टाकून बघावं, कारण कित्येकांचं आडनाव घेतलेलंच नसतं. नशीब असेल तर नावापुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो, नाहीतर रकाना कोरा.

आणि पदक सापडलं तर ते घासू नये. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पॉलिशचं फडकंही नको. अक्षरांच्या खाचांत बसलेला काळा थरच ती अक्षरं दाखवत असतो. खिडकीपाशी बसावं, दिवा वरून न धरता आडवा धरावा, पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलवर सहा-सात फोटो घ्यावेत. त्यानेही अक्षर उठलं नाही तर पातळ कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळावी आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. शाळेत नाण्याचा छाप घेतात तसं. १९८०च्या सुमाराला चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर अशी पदकं वितळली गेली. त्यांच्या मानाने कानशीचे तीन ओरखडे म्हणजे काहीच नाही, असं मनाला सांगून बघितलं. पटत नाही.

‘११७ मराठाज’ एवढं वाचल्यावर त्या शिपायाची निम्मी वाट तरी आखता येते. १९१४च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहाव्या पुणे डिव्हिजनच्या तुकड्या जहाजांवर चढल्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाला ‘फाव’ या ठिकाणी पहिली फौज उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा हातात आलं. कोकणातल्या घरांत पुढे या सगळ्या युद्धाला एकच शब्द राहिला, बसरा. ‘आजा बसऱ्याला गेला’ म्हणजे गेला. खरं तर तो बसऱ्यात राहिलाच नाही. फौज नदीच्या कडेने वर सरकत राहिली, कुर्ना, अमारा, कुत, आणि १९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन. २२ नोव्हेंबरला सुरू झालेल्या त्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला स्प्रिंग नसलेल्या गाड्या, त्या गाड्यांतून हाडं मोडलेल्या माणसांना नदीपर्यंत आणलं. भाताच्या खाचरात वाढलेल्या माणसाला तो प्रदेश कसा दिसला असेल? पाणी डोळ्यांसमोर, पण झाड नाही, डोंगर नाही, सावली नाही. पाऊस पडला की चिकण्या चिखलात गुडघाभर रुतायचं आणि उन्हाळ्यात तीच माती पिठासारखी नाकातोंडात.

मागे हटत फौज ३ डिसेंबरला कुत-अल-अमारामध्ये आली आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. जवळजवळ पाच महिने. ११७ वी तिथे होती, १०३ आणि ११० या मराठा पलटणीही तिथेच. या वेढ्याचं लष्करी वर्णन पुष्कळांनी केलं आहे, पण शिपायाची लढाई तिथे रोजच्या पिठाशी होती. धान्य होतं तेव्हा दळायला जाती कमी पडली म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. रसद कमी होत गेली तशी घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे सैनिक ते मांस खात होते. बहुतेक हिंदी शिपायांनी ते नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवून वाचून दाखवले, तरी नाही. परत गेल्यावर गाव काय म्हणेल, जातीत घेतील का, पोरीचं लग्न होईल का, हे प्रश्न तारेने सुटण्यातले नव्हते. त्याला हट्ट म्हणणारे लेखक आहेत. गावकीत राहिलेल्या माणसाला तो हट्ट वाटणार नाही. ताजी भाजी नाही, मांस नाही, म्हणून हिरड्या सुजायला लागल्या, दात हलायला लागले, जुन्या जखमा उघडल्या. नदीकाठचं गवत पालेभाजी म्हणून शिजवून खाल्लं, त्यातल्या काहींनी विषबाधा झाली. एप्रिल आला तेव्हा दिवसाचं पीठ काही औंसांवर आलं होतं. विमानातून पोती टाकायला सुरुवात झाली, त्यातली काही नदीत पडली. शेवटी एप्रिलमध्येच बहुतेकांनी घोड्याचं मांस खाल्लं. तोवर अंगात काही उरलेलं नव्हतं.

२९ एप्रिल १९१६ला शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. त्यानंतरची वाट तर नकाशावर बघतानाही लांबच लांब वाटते. बगदाद, सामरा, तिथून पायी तिक्रीत, मोसुल, नुसैबीन, रास-अल-ऐन. मे-जूनचं ऊन, पाच महिन्यांची उपासमार झालेले पाय, आणि शेवटी रेल्वेच्या कामावर मजुरी. या वाटेवर जो बसला तो बसला. त्याचं नाव, क्रमांक, पलटण लिहून घेणारा कारकून तिथे कुणी नव्हता.

मग हे सगळे आहेत कुठे? पुष्कळांना वाटतं की इंडिया गेटवर सगळ्यांची नावं आहेत. तिथे कोरलेली नावं सुमारे १३,३०० आहेत आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्या शिपायाचं नाव दिल्लीला जाऊन शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. फ्रान्समध्ये पडला असता तर न्यव्ह-शापेलच्या स्मारकावर त्याचं नाव दगडात असतं, तिथे साडेचार हजारांहून अधिक हिंदी नावं आहेत. मेसोपोटेमियात ज्यांची कबर नाही त्या ४०,००० हून अधिक माणसांसाठी १९२९मध्ये बसरा स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा कोरला. अमुक पलटण, आणि इतर अमुक शिपाई. नावं छापील वहीत. हे स्मारक १९९७मध्ये सद्दामच्या हुकमाने हलवून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेलं. अमाराला नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० माणसं आहेत आणि ओळख पटलेली फक्त नऊ. २०२१मध्ये कमिशनने स्वतःच्याच कारभाराचा अहवाल काढून या भेदभावाबद्दल माफी मागितली. माफी मागितली हे बरं झालं. पण दगडावरचा तो आकडा वाचताना राग येतो, आणि तो यावाच. गावी शिपाई भरतीच्या वेळी प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण सगळं लिहून घेतलं होतं. जागा नव्हती असं म्हणायलाही वाव नाही.

माणगावला मुंबई-गोवा रस्त्यावर जाताना यशवंत घाडगे यांचा पुतळा लागतो. पळसगावचे, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. समोरून मशीनगनचा मारा झाला, तुकडीचे कमांडर घाडगे वगळता बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले, आणि घाडगे एकटे त्या मशीनगनवर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात त्यांची शेवटची काही मिनिटं ओळीओळीने आहेत. ठाण्याच्या खोपट स्टँडवरून गावी जाणारी एसटी तिथून जाते तेव्हा म्हातारी माणसं अजून हात जोडतात. त्या मानपत्रात ‘तुकडीतले बाकीचे’ अर्ध्या वाक्यात येतात. तेही अशाच कुठल्यातरी पळसगावांतून आलेले असणार. खेड तालुक्यातून किसननगरपर्यंत आलेल्या या घराचा शिपाईही, युद्ध आधीचं असलं तरी, त्या अर्ध्या वाक्यातल्यांसारखाच.

त्याच्यावर काय गुदरलं, याबद्दल घरात एकच पुरावा होता. म्हाळ. पितृपक्षात ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ घालायचा. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या. आणि शस्त्राने मरण आलं असेल तर चौदस, पंचांगात शस्त्रादिहत असं लिहिलेलं असतं ती. या घरात त्या शिपायाचा म्हाळ चौदशीला असतो. बायकोने सुरू केला, मग सुनेने केला, मग नातसुनेने. आता नातसूनही ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि पदक घेऊन सराफाकडे गेलेल्या बाई त्यांच्या सूनबाई. पलटणीतला माणूस, लढाईत गेला, म्हणजे शस्त्रानेच गेला, असं त्या पहिल्या बाईने धरलं. तिला कुणी खरं सांगितलं होतं की तिने मनाशी ठरवलं होतं, ते विचारायला आता कुणी नाही.

यादीत त्या नावाचे ११७ व्या पलटणीतले तिघे निघाले. एकाचा क्रमांक ७ वर संपत नव्हता, तो बाजूला झाला. उरलेल्या दोघांचे संपत होते. एकाचा मृत्यू २२ नोव्हेंबर १९१५, म्हणजे टेसिफॉनचा पहिला दिवस. दुसऱ्याचा शरणागतीनंतरचा, कैदेतला. दोघांच्याही पुढे गावाचा रकाना कोरा. एक गोळीने गेला, एक भुकेने आणि चालण्याने. चौदस बरोबर की चूक हे ठरवणारे तीन आकडे सराफाच्या काउंटरवर चांदीची भुकटी होऊन पडले होते, आणि ती भुकटीही त्याने सवयीने ब्रशने डबीत सारली असणार.

अशा वेळी एक गोष्ट मुद्दाम विचारायची असते. चांदीचं पदक सहसा एकटं येत नाही. त्याच्याबरोबर ‘व्हिक्टरी मेडल’ असतं, ब्राँझचं, तेवढ्याच व्यासाचं, वर कडी असलेलं, आणि त्याच्याही कडेवर हेच सगळं ठोकलेलं असतं. १९१५ संपायच्या आत लढाईवर गेलेल्याला ब्राँझचा ताराही मिळे, त्याची नोंद पाठीवर. शिवाय मेलेल्याच्या घरी बारा सेंटीमीटर व्यासाची ब्राँझची मोठी थाळी येत असे. तिच्यावर फक्त नाव, हुद्दा नाही, क्रमांक नाही, म्हणून शोधाला ती उपयोगाची नसते. थाळी आणि तारा या घरात कुणी पाहिलेले नव्हते. बहुतेक मोडीत गेले. मग व्हिक्टरी मेडल कसं दिसतं ते सूनबाईंना सांगितलं. ब्राँझचं, पितळेसारखं, त्यावर हात पसरून उभी असलेली पंखवाली बाई.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “तसली देवी आमच्या देव्हाऱ्यात आहे.”

खंडोबाचा टाक, तुळजाभवानीचा टाक, आणि त्यांच्या शेजारी कडी तुटलेलं ते पदक. सासूबाईंना त्यांच्या सासूने देव म्हणूनच सोपवलेलं. पंख कसले, असं या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, नवी नवरी असताना विचारलं होतं म्हणे, तेव्हा ‘लांबून येणारी देवी आहे’ असं उत्तर मिळालं होतं. दसऱ्याला टाकांबरोबर तिलाही दुधापाण्याने धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. देवीचं तोंड झिजून सपाट झालेलं. पण कडेला कुणाचा हात लागला नव्हता, आणि शंभर वर्षांचं कुंकू त्या ठशांत साचून घट्ट बसलेलं. आडवा दिवा धरायची गरजच पडली नाही. चार आकडे, हुद्दा, नाव, पलटण, सगळं लाल अक्षरांत.

क्रमांक दुसऱ्याचा होता. कैदेत गेलेल्याचा.

आजी खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांना कुत सांगितलं, वेढा सांगितला, चालणं सांगितलं. घोड्याच्या मांसाचं सांगावं की नाही असं झालं, पण तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “नसेल खाल्लं.” मग थोड्या वेळाने, “खाल्लं असेल तरी काय.” यादीतली तारीख पक्की धरता येत नाही, हेही सांगावं लागलं. कैदेत बेपत्ता झालेल्याची तारीख पुष्कळदा कचेरीत बसून धरलेली असते, माणूस त्याच्या आधी गेलेला असू शकतो, नंतरही. आजींनी मान हलवली. तारीख पुन्हा एकदा म्हणायला लावली, सूनबाईंना कॅलेंडरच्या मागे लिहून घ्यायला सांगितली, आणि विचारलं, “त्या दिवशी तिथी कोणती होती?”